लहान गावाच्या सांडपाण्याला यंत्र हवे की तळे?

धागाकर्ता: ‘तळ्यात सांडपाणी साठवणे ही प्रक्रिया नव्हे, टाळाटाळ आहे, लहान गावालाही शहरासारखेच यांत्रिक केंद्र हवे’ हे येथील एका सदस्याचे मत वाचून सविस्तर उत्तर द्यावेसे वाटले. अशाच एका छोट्या केंद्रावर मी ११ वर्षे काम केले आहे. १९१४ साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी मांडलेली सक्रिय गाळ पद्धत (यांत्रिक केंद्रात सांडपाण्यात हवा सोडून घाण खाणारे जिवाणू वाढवतात, ती) उत्तम आहे, याबद्दल वाद नाही. परंतु तिच्यातील जिवाणूंना अखंड प्राणवायू लागतो आणि केंद्राच्या विजेचा बहुधा निम्मा वाटा त्यावरच खर्च होतो. आमचा हवा सोडणारा ब्लोअर बिघडला तेव्हा सुटा भाग मिळेपर्यंत ३ आठवडे काळे पाणी ओढ्यात जात राहिले आणि मी काठावर उभा राहून ते पाहत होतो. सुमारे दीड मीटर खोल तळ्यात तोच प्राणवायू शेवाळ उन्हाच्या बळावर तयार करते.

यंत्रसमर्थक: ते मत माझेच आहे आणि मी त्यावर ठाम आहे. तळ्यांच्या साखळीत पाणी कित्येक दिवस थांबावे लागते, म्हणजे जागाही तेवढीच लागते, हे आपण सोयीस्करपणे वगळलेत. आमच्या गावात त्यासाठी गुरांचे कुरण गेले. काठावर गवत माजले, डास झाले आणि माझ्या आईने शेवटची २ वर्षे खिडकी बंद ठेवून काढली.

धागाकर्ता: गवत न काढणे हा तळ्याचा दोष कसा?

शेतकरी सदस्य: आपण दोघेही पाण्यावरच भांडत आहात, गाळाचे काय? निम्म्या घरांना सेप्टिक टँक आहे आणि उपसलेला मैला रात्री शेताच्या कडेला ओतला जातो. जंतांची अंडी मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहू शकतात. सिंचनाच्या पाण्यात लिटरमागे एकाहून अधिक अंडे नसावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. माझ्या पुतण्याला जंतांमुळे रक्तक्षय झाला, तेव्हा आम्ही त्या शेतातली पालेभाजी खाणे सोडले.

यंत्रसमर्थक: हा वेगळा विषय आहे, त्यासाठी वेगळा धागा काढावा.

शेतकरी सदस्य: वेगळा म्हणून बाजूला सारल्यामुळेच मैला आमच्या बांधावर येतो! आपले यंत्र तर रोज गाळ निर्माण करते. तो वाळवायचा कोठे आणि कोणी, याचे उत्तर द्या, मग मला विषय शिकवा.

धागाकर्ता: शब्द कठोर असले तरी प्रश्न रास्त आहे. तळ्यात जंतांची अंडी तळाशी बसतात आणि गाळ काही वर्षांनीच काढावा लागतो, म्हणून मी तळ्याच्या बाजूने आहे. तरीही तो काढण्याची वेळ आली, तेव्हा आमच्याकडेही वाळवणीचे वाफे नव्हते, हे मला मान्य करावे लागेल.

यंत्रसमर्थक: चालक आणि सुटे भाग नसतील तर यंत्र उभारू नये, एवढे मीही मान्य करतो, त्यापलीकडे काही नाही. पण तळ्याचा आराखडा मांडताना त्यात वाळवणीचे वाफे आणि गवत काढणाऱ्या माणसाचा पगार लिहिलेला नसेल, तर ग्रामसभेत मी पुन्हा विरोधच करीन.

शेतकरी सदस्य: आणि वाफे वस्तीच्या कोणत्या बाजूला येणार, ते त्याच सभेत नकाशावर दाखवा.