कूलरचा पंखा थर्मोस्टॅटवर फास्ट-स्लो करायचाय, वायरिंगमध्ये अडकलोय

नमस्कार मंडळी,
भुसावळजवळ आमचं जुनं धाब्याचं घर. मे महिन्यात झोपताना कूलर फास्टच लागतो, पण पहाटे आबांना गारठा सोसत नाही. आई रोज तीनला उठून बटण स्लोवर करते. (मी शेजारच्याच खाटेवर असतो, पण जाग येईल तर शपथ.)

म्हणून एसटीसी-१००० हा थर्मोस्टॅट आणला. त्यात ५-६ टर्मिनलवर हीटिंगचा रिले (विजेवर चालू-बंद होणारा स्विच), ७-८ वर कूलिंगचा. मोटरच्या कॉमनला न्यूट्रल थेट दिला, फेज ५ आणि ७ ला. ६ मधून स्लो, ८ मधून फास्ट. मीडियमची वायर टेप मारून सोडली. तापमान ३०, फरक ०.५.

आता चालू केल्यावर तीन मिनिटं पंखा हलत नाही. आणि ३० वर आला की पार बंद! थोड्या वेळानं स्लो सुरू, मग परत बंद. गावातला वायरमन म्हणतो, स्लोला कायम फेज देऊन टाक, फास्ट तेवढा रिलेवर ठेव. करू का?

उत्तर १
भाऊ, ते अजिबात करू नका! फास्ट लागला की दोन्ही वायरींना एकदम फेज जाईल, त्यांच्यामधली वाइंडिंग शॉर्ट होऊन मोटर जळेल.

पंखा थांबतो कारण कूलिंगचा रिले ३० ला सुटतो आणि हीटिंगचा २९.५ ला लागतो. मधल्या अर्ध्या अंशात दोन्ही बंद. हीटिंगची बाजू सोडूनच द्या. ८ मधून एका चेंजओव्हर रिलेची (फेज दोनपैकी एकाच वायरला देणारा) कॉइल चालवा. त्या रिलेच्या कॉमनला फेज, एनसीला (कॉइल बंद असताना जोडलेला) स्लो, एनओला (कॉइल चालू झाल्यावर जोडला जाणारा) फास्ट. म्हणजे कायम एकच वायर जिवंत.

तीन मिनिटांचा उशीर कॉम्प्रेसर वाचवायला असतो, सेटिंगमध्ये एफ३ आहे. एक मिनिटापर्यंत खाली येतो, शून्य होत नाही. पण आता तेवढा वेळ पंखा स्लोवर फिरेल. फरक १ ठेवा, नाहीतर रिले रात्रभर टकटक करेल.

सेन्सर कूलरच्या झोतात नको, आबांच्या उशाशी लावा. काम एमसीबी पाडून आणि टेस्टर लावूनच. पाण्याची वस्तू आहे, अर्थिंग तपासा.

धागाकर्ता
धन्यवाद जिभाऊ! वायरमनला आजच फोन करतो. पंप पण रिलेवर घेऊ?

उत्तर २
पंप वेगळ्या बटणावरच बरा. रिले मागताना २३० व्होल्ट एसी कॉइल, आठ पिनी, बेससकट असं सांगा. नाहीतर दुकानदार १२ व्होल्टचा हातात देतो.