कोविड होऊन गेलाय, बूस्टर आता घ्यायचा की थांबायचं? शनिवारच्या आत सांगा

गोदाकाठ | १६ ऑगस्ट २०२२, सकाळी ९.१२
मला आणि आईला गेल्या महिन्यात कोविड झाला. आता बरे आहोत. फुकट बूस्टरची मोहीम ३० सप्टेंबरला संपते आहे. शनिवारी दोघांनी केंद्रावर जायचं ठरवलंय. एक जण म्हणतो लगेच घ्या, दुसरा म्हणतो थांबा, तिसरा म्हणतो गरजच नाही. नक्की काय करायचं? कृपया लिंका देऊ नका, सरळ उत्तर द्या.

मंजिरी_का | ९.४०
सरळ उत्तरासाठी सरळ माहिती लागेल. दोघांची वयं? दोन डोस कोणत्या लसीचे, दुसरा कधी झाला? पॉझिटिव्ह कोणत्या तारखेला आलात, घरीच होतात की दाखल? आईंना रोजच्या गोळ्या कोणत्या?

पांथस्थ_७० | ९.५५
काही विचारू नका आणि काही सांगू नका. आधार कार्ड घेऊन जा, डोस घ्या, घरी या. कोविनला, म्हणजे सरकारच्या लसनोंदणी पोर्टलला, तुमचा कोविड माहीत नसतो. ते फक्त दुसऱ्या डोसपासून सहा महिने मोजतं.

मंजिरी_का | १०.०३
@पांथस्थ_७० कोविनला माहीत नसतं हे खरं. पण डोस द्यायच्या आधी सिस्टर तोंडी विचारतात की गेल्या तीन महिन्यांत कोविड झाला होता का. जानेवारी २०२२ मध्ये केंद्राने राज्यांना पत्र पाठवलंय: बरं झाल्यापासून तीन महिन्यांनी लस, आणि त्यात प्रिकॉशन डोसही (बूस्टरचं सरकारी नाव) धरलाय. तिथे खोटं बोलायला सांगू नका. तिथलं खोटं पुढच्या प्रश्नालाही चिकटतं, आणि पुढचा प्रश्न रक्त पातळ करायच्या गोळीचा असतो.

टेक्नोभाऊ | १०.२०
आधी अँटिबॉडी टेस्ट करा. आकडा बघा. जास्त असेल तर बूस्टर नको, कमी असेल तर घ्या. इतकं सोपं आहे.

प्रयोगशाळा_२ | १०.४८
इतकं सोपं नाही. दोन डोस आणि त्यावर महिनाभरापूर्वीचा कोविड, म्हणजे स्पाइक अँटिबॉडी (विषाणूच्या काट्यांविरुद्धच्या, लसीनेही तयार होतात त्या) भरपूरच निघणार. ते सांगायला रक्त काढायची गरज नाही. शिवाय 'एवढ्याच्या वर सुरक्षित' अशी मान्य रेषा कुठेही ठरलेली नाही. एक लॅब एयू प्रति मिली या एककात आकडा देते, दुसरी बीएयू प्रति मिलीमध्ये. एकाच माणसाचे दोन आकडे शेजारी ठेवून तुलनाही करता येत नाही. आणि न्यूक्लिओकॅप्सिडची, म्हणजे विषाणूच्या आतल्या प्रथिनाची टेस्ट केलीत तर संसर्ग होऊन गेला एवढंच कळेल. ते तुम्हाला माहीतच आहे.

टेक्नोभाऊ | ११.०५
मग लॅबवाले टेस्ट विकतात कशाला?

प्रयोगशाळा_२ | ११.१५
वस्तीत किती जणांना संसर्ग होऊन गेला ते मोजायला तिचा उपयोग होतो. बूस्टर घ्यायचा की नाही हे ठरवायला होत नाही.

गोदाकाठ | ११.३०
घरीच होतो, साधाच होता. मी ४१, आई ६७. दोघांचं कोविशिल्ड. माझा दुसरा सप्टेंबर २०२१, आईचा जून २०२१. मी ९ जुलैला घरच्या किटवर पॉझिटिव्ह, आई १२ जुलैला आरटीपीसीआरवर. आता सांगा.

मंजिरी_का | ११.५२
आता मोजता येतं. साध्या आजारात पॉझिटिव्ह आल्यापासून सात दिवस, आणि त्यातले शेवटचे तीन दिवस ताप नाही, असं झालं की बरे झालात असं धरतात. तुम्ही १६ जुलै, म्हणजे तीन महिने १६ ऑक्टोबरला भरतात. आईंचा ताप कधी उतरला?

गोदाकाठ | ११.५८
१७ ला शेवटचा. पण ऑक्टोबर म्हणजे मोहीम संपली! तोच तर प्रश्न आहे.

मंजिरी_का | दुपारी १२.१५
मग आईंचे १८, १९, २० असे तीन दिवस बिनतापाचे. २० जुलै धरा, त्यांचे तीन महिने २० ऑक्टोबरला.

मोहिमेचं म्हणाल तर आईंचा तिच्याशी संबंधच नाही. साठीच्या वरच्यांना सरकारी केंद्रावर प्रिकॉशन डोस मार्चपासून फुकट आहे, ती सोय या पंचाहत्तर दिवसांच्या मोहिमेतून आलेली नाही. मोहीम आहे १८ ते ५९ साठी, म्हणजे फक्त तुमच्यासाठी. ती हुकली तर खाजगी केंद्रावर कोविशिल्डचे २२५, त्यावर पाच टक्के जीएसटी ११.२५, आणि टोचणावळ जास्तीत जास्त १५०. एकूण ३८६ रुपये २५ पैसे. तुमची घाई एवढ्या रकमेची आहे.

लेस्टरकर | १२.४०
इकडे यूकेत मोठ्या माणसांना पॉझिटिव्ह आल्यापासून २८ दिवसच थांबायला सांगतात. तुमचे दोघांचे २८ दिवस होऊन गेलेत. तीन महिने हा भारतातला आकडा आहे, विज्ञान सगळीकडे एकच.

प्रयोगशाळा_२ | १.१०
विज्ञान एकच, पण दोन्हीकडे वेगळा प्रश्न विचारलाय. यूकेतले २८ दिवस म्हणजे कमीत कमी. आजाराची लक्षणं आणि लसीचा त्रास यांची सरमिसळ होऊ नये म्हणून ते आहेत. तीन महिन्यांमागचा विचार वेगळा: संसर्गानंतर अँटिबॉडी चढलेल्याच असतात, त्यावर लगेच डोस दिला तर शरीर त्याला फारसं उत्तर देत नाही. जरा उतरू द्या, मग दिलेला डोस जास्त कामी येतो. अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था सीडीसीसुद्धा 'तीन महिने थांबायचा विचार करू शकता' असं म्हणते.

म्हणून @गोदाकाठ, शनिवारी घेतलात तर अपाय होईल असं नाही. डोस वाया गेल्यासारखा होईल, इतकंच. ३० सप्टेंबरला तुमचे ७६ दिवस होतील. माझ्या मते शरीराला ७६ आणि ९२ (म्हणजे पूर्ण तीन महिने) मध्ये फारसा फरक पडत नाही.

मंजिरी_का | १.२५
शरीराला पडत नसेल, लसीकरणाच्या टेबलावरच्या माणसाला पडतो. खरं सांगितलं तर परत पाठवतील, आणि अर्धा दिवस गेला तो गेला.

प्रयोगशाळा_२ | १.३२
मान्य. पण नियमाला जीवशास्त्र समजू नका, एवढंच म्हणणं होतं.

अंजूताई_सांगली | २.०५
माझ्या भाचीच्या मुलाला, १३ वर्षं, कॉर्बेव्हॅक्सचे दोन झालेत. त्याला बूस्टर कधी?

टेक्नोभाऊ | २.२०
कॉर्बेव्हॅक्सवरून आठवलं. १२ ऑगस्टपासून कोविशिल्डवाल्यांनाही बूस्टर म्हणून कॉर्बेव्हॅक्स मिळतं, सरकारी केंद्रावरही. वेगळ्या प्रकारची लस आहे, प्रोटीनची. मिसळलेलं चांगलं असतं. शनिवारी तेच मागा.

सिस्टर_रेखा | ३.१५
लसीकरणाच्या टेबलावरून सांगते. कॉर्बेव्हॅक्स बूस्टरला चालतं, १८ च्या वर, दुसऱ्या डोसला २६ आठवडे झालेले हवेत, म्हणजे १८२ दिवस. पण तीन महिन्यांची अट त्यालाही आहे. लस बदलली म्हणून ती सुटत नाही. दुसरं, कॉर्बेव्हॅक्सच्या कुपीत वीस डोस असतात, कोविशिल्डच्या कुपीत दहा. उघडली की चार तासांत संपवायची. लोक जमल्याशिवाय कुपी फोडत नाहीत. तेव्हा जायच्या आधी फोन करा आणि सकाळी दहा ते बारा या वेळात जा. दुपारी तीनला एकटे गेलात तर 'उद्या या' ऐकाल.

अंजूताई, १८ च्या खाली प्रिकॉशन डोस नाही. दोन झाले म्हणजे त्याचं पूर्ण झालं.

गोदाकाठ, मंजिरीताईंनी सकाळी विचारलं होतं त्यातलं एक राहिलं. आईंच्या रोजच्या गोळ्या?

गोदाकाठ | सायंकाळी ५.४०
बीपीची आणि अ‍ॅसिट्रॉम. हृदयाचा व्हॉल्व्ह बदललाय २०१६ ला. त्याचा लसीशी काय संबंध? पहिले दोन डोस तसेच झाले.

पांथस्थ_७० | ५.५५
रक्त पातळ करायची गोळी आहे ती. लसीच्या आधी दोन दिवस बंद ठेवा म्हणजे दंड काळानिळा होत नाही. दात काढताना करतात तसंच.

सिस्टर_रेखा | ६.०२
बंद करू नका! कृपया हे वाचा. व्हॉल्व्हवाल्या पेशंटची अ‍ॅसिट्रॉम एका इंजेक्शनसाठी कधीही बंद करायची नसते. या गोळीचा असर दोन दिवसांत उतरतो. म्हणजे पांथस्थ म्हणतात तसं केलं तर नेमकं लसीच्या दिवशी आईंचं रक्त व्हॉल्व्हवर गुठळी धरायला मोकळं होईल. दंडावरचा डाग आठवड्यात जातो. व्हॉल्व्हवर गुठळी धरली तर ती मेंदूत जाऊ शकते.

लस गोळी चालू असताना द्यायची. आमची अर्ध्या मिलीची ऑटो डिसेबल (एकदाच वापरता येणारी) सिरिंज येते तिची सुई २३ गेजची, बारीकच असते. टोचल्यावर कापूस दोन मिनिटं घट्ट दाबून धरायचा, चोळायचं नाही. हे टेबलावर आधी सांगा म्हणजे सिस्टर घाईने उठवणार नाहीत.

पांथस्थ_७० | ६.२०
बरोबर. माझं वरचं वाक्य कुणी पाळू नये. दाताचं उदाहरण इथे लागू नाही.

हृदयसखा | ६.४५
@गोदाकाठ, व्हॉल्व्ह कोणता? धातूचा की टिश्यूचा? हृदयातल्या कोणत्या जागेचा, मायट्रल की एओर्टिक? कोविडमध्ये आईंना कोणती औषधं दिली? आणि पीटी-आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी, आकडा जास्त म्हणजे रक्त जास्त पातळ) शेवटचं कधी केलंत?

गोदाकाठ | ७.१०
धातूचा, मायट्रल. अ‍ॅझिथ्रोमायसिन पाच दिवस आणि पॅरासिटामॉल. जेवण आठ-दहा दिवस जवळजवळ नव्हतंच, अजूनही अर्धी पोळी. आयएनआर जून मध्ये, २.९.

हृदयसखा | ७.३८
मग शनिवारचं विसरा आणि उद्या सकाळी रक्त द्या. कारण सांगतो. अ‍ॅझिथ्रोमायसिनसारख्या अँटिबायोटिकने आयएनआर चढतो. तापात चढतो. पालेभाजी-जेवण तुटलं की के जीवनसत्त्व कमी पडतं, त्यानेही चढतो. आईंना हे तिन्ही झालं आणि त्यानंतर तपासणीच नाही. मायट्रलच्या धातूच्या व्हॉल्व्हला साधारण २.५ ते ३.५ मध्ये ठेवतात. जूनचा २.९ आज काहीही सांगत नाही.

घरी आज रात्रीच बघा: ब्रश करताना हिरड्यांतून रक्त, नाकातून रक्त, मांडीवर-दंडावर न लागता आलेले डाग, शी काळी, लघवी लाल. यातलं काही असेल तर उद्यापर्यंत थांबू नका, तसेच दवाखान्यात न्या.

प्रयोगशाळा_२ | ७.५५
रक्त देताना निळ्या झाकणाची नळी असते, त्यात रक्त गोठू न देणारं सायट्रेट असतं. नळी खुणेपर्यंत भरायला सांगा. अर्धवट भरली तर आकडा खोटाच जास्त येतो, आणि त्यावर गोळी कमी केली जाते. बारीक शिरांच्या वयस्कर पेशंटमध्ये हे नेहमी घडतं.

टेक्नोभाऊ | ८.३०
कुणीतरी नाकातल्या लसीचंही सांगा. सुईच नको, मग दंडाचा प्रश्नच मिटला.

मंजिरी_का | ८.४१
ती अजून परवानगीत नाही. जी केंद्रावर नाही तिची वाट बघायला सांगू नका.

लेस्टरकर | ९.२०
मुलाकडे परदेशी जायचं असेल तर कोविन सर्टिफिकेटवर पासपोर्ट नंबर चढवून घ्या, 'रेज अ‍ॅन इश्यू' मध्ये जाऊन. नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं.

सिस्टर_रेखा | ९.३५
परदेशी कुणी चाललेलं नाही, पण त्यातलं एक कामाचं आहे. आईंचे पहिले दोन डोस ज्या मोबाइलवर आणि ज्या ओळखपत्रावर नोंदलेत तेच घेऊन जा. वेगळा नंबर दिला की कोविन त्यांना नवीन माणूस समजतं आणि तिसऱ्याऐवजी पहिला डोस नोंदतं. मग दोन नोंदी जुळवत बसावं लागतं.

गोदाकाठ | १७ ऑगस्ट, रात्री ८.०५
आईचा आयएनआर ४.६ आला. डाग वगैरे काही नाही. डॉक्टरांना फोन केला. आजची अ‍ॅसिट्रॉम वगळायला सांगितली, उद्यापासून नेहमीची, शनिवारी परत रक्त. लस आत्ता नकोच म्हणाले, ऑक्टोबरमध्ये आयएनआर जागेवर असताना घ्या म्हणाले. म्हणजे शनिवारी केंद्राऐवजी लॅब.

हृदयसखा | ८.२२
वेळेत कळलं. आजची वगळलेली गोळी फाइलवर तारखेसह लिहून ठेवा. जेवण सुधारेल तसा आकडा परत खाली येईल, म्हणून शनिवारनंतरही आठवड्याने एकदा बघा. ताकदीसाठी म्हणून डब्यातली प्रोटीन पावडर चालू करणार असाल तर मागचं लेबल डॉक्टरांना दाखवा, बऱ्याच पावडरींत के जीवनसत्त्व असतं आणि मग आयएनआर एकदम पडतो. लसीनंतर ताप आला तर पॅरासिटामॉल एखाददोन. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या दुखण्यावरच्या गोळ्या अजिबात नकोत, कंबर दुखली तरी नको.

गोदाकाठ | ८.४०
आणि माझं? ३८६ रुपये देतो, काही हरकत नाही. पण घ्यायचा का?

प्रयोगशाळा_२ | ८.५८
४१, दुसरा आजार नाही, दोन डोस आणि एक संसर्ग. तुम्हाला गंभीर आजाराचा धोका आजही कमीच आहे, त्यामुळे तुमच्यासाठी तातडीचं काही नाही. इथली प्रत्येक लस मूळच्या विषाणूवर बेतलेली आहे, ओमिक्रॉनची सर्दी-खोकला ती थांबवेलच असं नाही. पण घरात ६७ वर्षांच्या, व्हॉल्व्ह असलेल्या आई आहेत. काही आठवडे का होईना, तुम्ही कोविड घरात आणायची शक्यता घटते. मी तुमच्या जागी तेवढ्यासाठी घ्यायला सांगेन, तीन महिने भरल्यावर.

गोदाकाठ | ९.१०
मग २२ ऑक्टोबर धरतो. शनिवार आहे, दोघांचेही तीन महिने झालेले असतील.

सिस्टर_रेखा | ९.२६
२२ ला धनत्रयोदशी आहे. केंद्र उघडं असलं तरी कुपी फोडण्याइतके लोक येणार नाहीत. शिवाय दुसऱ्या दिवशी अंग दुखतं, ताप येतो, आणि आईंना फराळाच्या दिवसांत पुन्हा उपाशी पडू देऊ नका, तो आयएनआर परत हलेल. भाऊबीज २६ ला. २७ तारखेला गुरुवारी सकाळी दहाला आईंना सरकारी केंद्रावर घेऊन या (तुमचा डोस खाजगीत), आदल्या आठवड्यातला आयएनआरचा कागद बरोबर ठेवा.