अँड्रॉइडच्या मुलाखतीत तांत्रिक चर्चेच्या फेरीची तयारी कशी करावी?

सातपूरकर:
मी नाशिकमधील एका छोट्या कंपनीत दोन वर्षांपासून अँड्रॉइड ॲप तयार करतो. अलीकडे पुण्यातील दोन कंपन्यांत मुलाखती दिल्या. दोन्हीकडे आधी एचआरचा फोन, मग ऑनलाइन कोडिंग परीक्षा, नंतर घरून करून द्यायचे छोटे ॲप आणि शेवटी तांत्रिक चर्चा, असाच क्रम होता. ॲप नीट चालत असूनही मी चर्चेत अडकलो. ‘व्ह्यूमॉडेल (पडद्यावरील माहिती सांभाळणारा ॲपचा भाग) का वापरले?’ या प्रश्नाला ‘गूगलची तशी शिफारस आहे’ एवढेच उत्तर मला सुचले आणि त्यानंतर समोरच्यांचा उत्साह मावळला. आता कोडिंग परीक्षेत येणारे डेटा स्ट्रक्चरचे (माहिती मांडण्याच्या रचनांचे) प्रश्न घोकावेत की फ्लटर, म्हणजे एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी ॲप बनवण्याचे साधन, शिकावे?

गंगापूररोडकर:
मी मुलाखती घेणाऱ्यांपैकी आहे, आणि आपले उत्तर चुकीचे नव्हते, अपुरे होते. फोन आडवा केला की सामान्यतः ॲक्टिव्हिटी, म्हणजे ॲपचा समोरचा पडदा, नष्ट होऊन नव्याने तयार होते, परंतु व्ह्यूमॉडेलमधील माहिती टिकते. इथपर्यंत बहुतेक जण सांगतात. माझा पुढचा प्रश्न असतो: वापरकर्ता दुसऱ्या ॲपमध्ये गेला आणि मेमरी कमी पडल्यामुळे प्रणालीने आपली प्रोसेसच (मेमरीत चालू असलेले ॲप) बंद केली, तर अर्धवट भरलेल्या फॉर्मचे काय होईल? तेव्हा व्ह्यूमॉडेलही जाते; त्यासाठी थोडी माहिती प्रणालीकडे जपून ठेवणारे सेव्हड-स्टेट-हँडल किंवा रूमसारखा स्थानिक डेटाबेस लागतो. ॲप पार्श्वभूमीत ठेवून एडीबीच्या (संगणकावरून फोनला आदेश देणाऱ्या साधनाच्या) ‘एएम किल’ आदेशाने प्रोसेस बंद करा, अलीकडील ॲपच्या यादीतून ते पुन्हा उघडा आणि काय उरले ते पाहा. ज्याने हे एकदा केले आहे, त्याला उत्तर पाठ करावे लागत नाही.

रचनेविषयी मी आपल्याकडचेच उदाहरण देतो. पिंपळगावच्या द्राक्षबागेत रेंज नाही आणि शेतकऱ्याला फवारणीची नोंद करायची आहे. नोंद आधी फोनमध्ये साठवून रेंज आल्यावर वर्कमॅनेजरने (राहिलेली कामे पार्श्वभूमीत पार पाडणाऱ्या अँड्रॉइडच्या सोयीने) पाठवावी, हे उमेदवार लगेच सांगतात. पण सर्व्हरपर्यंत नोंद पोहोचली आणि पोच मात्र परत आली नाही, तर तीच नोंद दुसऱ्यांदा जाऊ नये म्हणून प्रत्येक नोंदीला फोनवरच स्वतंत्र ओळख-क्रमांक द्यावा लागतो, हे फार थोड्यांच्या लक्षात येते.

पंचवटीकर:
घरून करायच्या कामाबाबत अनुभवाने सांगतो. मला एकदा लॉगिन, पेमेंट आणि ॲडमिनचे पडदे असलेले अख्खे ॲप मागितले होते. सहा दिवस खपून दिले, नंतर साधा नकारही आला नाही. तेव्हापासून किती तासांचे काम अपेक्षित आहे, हे मी आधीच विचारतो आणि काय जाणीवपूर्वक सोडले, ते रीडमीमध्ये (कोडसोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये) लिहितो. चर्चा बहुधा त्या सोडलेल्या भागावरच होते.

फ्लटरची पहिली स्थिर आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये आली, तर अँड्रॉइडचे पडदे थेट कोडमध्ये रचण्याच्या जेटपॅक कंपोजची जुलै २०२१ मध्ये. आपण अजून जुन्या पद्धतीने, वेगळ्या एक्सएमएल फाइलींमध्येच पडदे रचत असाल, तर आधी कंपोज शिकावे, असे माझे मत आहे. कोडिंग परीक्षा आपण दोनदा पार केली आहे, मग घोकायचे कशाला?

सातपूरकर:
दोघांचेही आभार. सांगितल्याप्रमाणे काल रात्री प्रोसेस बंद करून पाहिली, तर मी पाठवलेल्या त्याच ॲपमधील नोंदणीचा फॉर्म पूर्ण कोरा झाला. कंपोजचे नंतर पाहीन. आधी हा फॉर्म दुरुस्त करायला घेतला आहे.