शब्दचर्चा: इंदिओ, मोरेनो, नेग, ब्लां (डॉमिनिकन आणि हैतीमधले रंगाचे शब्द)

रानजाई
मंडळी, 'इंदिओ' ह्या स्पॅनिश शब्दावर जरा मदत हवीये. शब्दकोश उघडा, अर्थ दिसतो तो भारतातला नाहीतर अमेरिकेतला मूळ रहिवासी, ज्याला आपण लहानपणी रेड इंडियन म्हणायचो. पण मी नोकरी करते त्या वॉशिंग्टन हाइट्समधे (मॅनहॅटनचं वरचं टोक, डॉमिनिकन लोकांचं गावच म्हणा ना) निम्मी लोकं स्वतःला इंदिओ नाहीतर इंदिआ म्हणवतात आणि चेहरेमोहरे बघाल तर सरळसरळ आफ्रिका आणि युरोप मिसळलेले. आणि मी जी खरीखुरी इंडियातली, मला हीच लोकं 'हिंदू' म्हणतात, धर्मबिर्म न विचारता, आमच्याकडचा केरळचा ख्रिश्चन मुलगा पण त्यांच्या लेखी हिंदूच. म्हणजे पुण्याची ती हिंदू आणि सांतो दोमिंगोची (डॉमिनिकन रिपब्लिकची राजधानी) ती इंदिआ, घ्या आता.

विचारायचं कारण, एका डॉमिनिकन मैत्रिणीने लहानपणाच्या आठवणी लिहिल्यात त्या मी मराठीत करतेय, आणि पानापानावर रंग. इंदिओ क्लारो (उजळ इंदिओ), इंदिओ ओस्कुरो (गडद), इंदिओ कानेलो (दालचिनी रंगाचा), मोरेनो, त्रिगेन्यो, प्रिएतो (काळाकुट्ट), हाबाओ (रंगाने उजळ पण केस कुरळे)... 'नेग्रो' (काळा) मात्र शोधून सापडत नाही, आणि सापडतो तो एकतर लाडात नाहीतर दुसऱ्या कोणाबद्दल. ह्या सगळ्याला मराठीत काय करू?

बाराखडी
इंदिओ = सावळा. मोरेनो = काळा. झालं की, एवढा काय घोळ?

आडकित्ता
एवढं सोपं नाही हो बाराखडी. 'सावळा' म्हटलं की फक्त रंग कळतो, 'इंदिओ' म्हटलं की तो माणूस सांगतोय की मी *आफ्रिकन नाही*. कोलंबस १४९२ मधे त्या बेटावर (हिस्पॅनिओला, ज्यावर आज डॉमिनिकन रिपब्लिक आणि हैती दोन्ही देश आहेत) उतरला तेव्हा तिथे ताइनो लोक होते, रोगराई आणि वेठबिगारीने पन्नाससाठ वर्षांत समाज म्हणून ते जवळजवळ संपले, त्यांच्या जागी आफ्रिकेतून गुलाम आणले. आजच्या बहुतेक डॉमिनिकन लोकांत आफ्रिकेचं रक्त भरपूर आहे, ताइनोंचं थोडंसं. तरी शब्द चिकटला तो ताइनोंचा, कारण तो सोयीचा होता, 'मी गोरा नाही' हे कबूल करायचं पण कारण आफ्रिकेचं द्यायचं नाही.

सोयीचा का झाला, तर शेजारी हैती. हैती १८०४ ला फ्रेंचांना हाकलून स्वतंत्र झालं, गुलामांनीच लढून मिळवलेलं राज्य, आणि १८२२ ते १८४४ पूर्ण बेटावर हैतीचा अंमल होता. म्हणजे डॉमिनिकन लोक आपला स्वातंत्र्यदिन (२७ फेब्रुवारी) साजरा करतात तो स्पेनपासून सुटल्याचा नाही, हैतीपासून सुटल्याचा. तेव्हापासून काळा म्हणजे हैतीवाला आणि आपण म्हणजे दुसरं काहीतरी, हे पक्कं बसत गेलं. मग १९३० ते १९६१ त्रुहियोची हुकूमशाही, त्याने हे सगळं सरकारी करून टाकलं. सेदुला म्हणजे त्यांचं ओळखपत्र, त्यावर रंगाचा रकाना असायचा आणि त्यात 'इंदिओ' असं कारकून चक्क लिहून द्यायचा. हा त्रुहियो स्वतः तोंडाला पावडर फासून फिरायचा आणि त्याच्या आईकडच्या आजीचं घराणं हैतीकडचं, आता बोला.

त्यांच्यातच एक म्हण आहे, एल नेग्रो त्रास दे ला ओरेहा, म्हणजे 'कानामागचा काळा', वरून कितीही गोरा दिसला तरी आफ्रिकेचा रंग कानामागे लपलेला असतोच. हुआन आंतोनिओ आलिक्स नावाच्या लोककवीने १८८३ मधे ह्याच नावाची कविता केली, गोरेपणाचा तोरा मिरवणाऱ्यांना चिमटा काढणारी. तेव्हा लोकांना हे कळत नाही असं अजिबात नाही.

शेंगदाणा
त्रिगेन्योवर कोणीच बोलेना म्हणून मी. स्पॅनिशमधे त्रिगो म्हणजे गहू. त्रिगेन्यो म्हणजे शब्दशः आपला गव्हाळ!! हा एक तरी शब्द असा आहे की उचलून तसाच ठेवता येईल. स्थळाच्या जाहिरातीतला 'गव्हाळ वर्ण' आणि हा, सख्खे भाऊ. आणि दोन्हीकडे गव्हाळची सीमा कुठे संपते ते मुलीचा बाप ठरवतो :)

रानजाई
शेंगदाणा, जियो! त्रिगेन्यो मिटला. आडकित्ता, म्हणजे इंदिओला 'सावळा' करून चालणार नाही, 'इंदिओ'च ठेवून पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात समजवावं लागेल असं दिसतंय.

पण मला वाटतं रंगापेक्षा मोठी भानगड केसांची आहे. पेलो ब्वेनो म्हणजे चांगले केस आणि पेलो मालो म्हणजे वाईट केस. चांगले म्हणजे दाट, निरोगी वगैरे नाही हं, चांगले म्हणजे सरळ. वाईट म्हणजे घट्ट कुरळे, मग ते कितीही तुकतुकीत असोत. मैत्रिणीने लिहिलंय की दर शनिवारी आई तिला सलोनात नेऊन बसवायची, केस धुवायचे, मोठ्ठे रोलोस (रोलर) लावायचे, मग त्या हेल्मेटसारख्या ड्रायरखाली भाजत बसायचं, वरून गोल ब्रश आणि हातातला ड्रायर घेऊन मुळापासून ओढून सरळ करायचे, इतके की डोळ्यात पाणी. त्याआधी कधीमधी देसरिसादो, म्हणजे केमिकल लावून केसांचा पीळच काढायचा, टाळू चुरचुरेपर्यंत. आणि घरी आल्यावर तुबी, म्हणजे सगळे केस डोक्याभोवती गोल गुंडाळून पिना आणि वरून जाळी, की झोपेत मोडू नयेत. इथे शनिवारी बायका तुबी घालून बिनदिक्कत वाणसामान घ्यायला येतात, कोणाला काही वाटत नाही. पण तेच केस नुसते मोकळे फुगलेले ठेवले तर 'काय हा पाहोन!', पाहोन म्हणजे पिंजारलेलं जंगल. तिला शाळेतून 'केस विंचरून ये' म्हणून परत पाठवलं होतं, आणि तिने विंचरलेच होते.

आता हे बदलतंय म्हणा, सांतो दोमिंगोच्या जुन्या शहरात २०१४ पासून 'मिस रिसोस' नावाचं सलोन आहे, तिथे केस सरळ करून मिळतच नाहीत, कुरळेच सांभाळायला शिकवतात. पण आज्या अजून पेलो मालोच म्हणतात.

सह्यमित्र
उशिरा आलो पण धाग्यात हैती नुसतं शेजारी म्हणून येतंय म्हणून लिहितो. भूकंपानंतर (२०१०) काही काळ पोर्तो-प्रँसला (हैतीची राजधानी) पाणीपुरवठ्याच्या कामावर होतो. मी कोकणातला, रंगाने चांगला पक्का, आमच्या आईनेसुद्धा कधी गोरा म्हटलं नाही. तिथे गाडीतून उतरलो की पोरं मागे 'ब्लां! ब्लां!' ओरडत. मला वाटलं माझ्यामागे कोणी फ्रेंच उभा आहे. तर ब्लां म्हणजे मुळात फ्रेंचमधला पांढरा, पण हैतीच्या क्रेओलमधे ब्लां म्हणजे परका, बाहेरचा. आमच्यासोबत अटलांटाचा एक आफ्रिकन अमेरिकन इंजिनियर होता, माझ्याहून काळा, तोही ब्लां.

आणि ह्याच्या उलट नेग. ऐकायला निग्रोसारखा वाटतो म्हणून आपण दचकतो, पण तिथे नेग म्हणजे माणूस, गडी. 'नेग सा आ' म्हणजे 'हा गडी'. नेग मोन म्हणजे डोंगरातला, गावंढळ माणूस. राजवाड्यासमोर पळून गेलेल्या गुलामाचा पुतळा आहे, शंख फुंकणारा, त्याला नेग मावोन म्हणतात, तो अभिमानाचा शब्द.

हे उगाच झालेलं नाही. स्वतंत्र हैतीचा पहिला राज्यकर्ता देसालीन, त्याची १८०५ ची राज्यघटना आहे, तिच्या चौदाव्या कलमात लिहिलंय की ह्यापुढे हैतीच्या सगळ्या नागरिकांची ओळख एकच, काळे. आणि त्याच्या आधीच्या कलमात काही जर्मन आणि पोलिश लोकांना नागरिक मानलंय, नेपोलियनच्या फौजेतून आलेले पोलिश सैनिक होते त्यातले काही हैतीच्या बाजूला गेले होते. म्हणजे कायद्याने पोलंडचा गोरा माणूस 'काळा' झाला! जगात असं दुसरीकडे कुठे झालं असेल असं वाटत नाही. एका बेटावर एका बाजूला सगळ्यांना काळं ठरवणारी घटना आणि दुसऱ्या बाजूला आपल्या माणसांना शक्यतो काळं न म्हणणारं ओळखपत्र.

बाराखडी
अरे वा, म्हणजे हैतीत रंगभेद नाहीच म्हणायचा. मग तिथेच जाऊ राहायला :D

सह्यमित्र
नाही हो, कागद वेगळा आणि लग्नाचा बाजार वेगळा. तिथेही उतरंड आहेच. मिलात म्हणजे मिश्र, उजळ, बहुतेक जुनी पैसेवाली घराणी, पोर्तो-प्रँसजवळच्या पेत्योंव्हिलच्या टेकडीवर राहणारी. ग्रिमो (बाई असेल तर ग्रिमेल) म्हणजे रंग उजळ पण केस घट्ट कुरळे, रानजाईंचा हाबाओ तो हाच बहुतेक. माराबू म्हणजे रंग काळा पण केस लांब सरळ, आणि हे कौतुकाने म्हणतात. ह्यातला माराबू शब्द फार जुना, १७९७ मधे मोरो द सँ-मेरी नावाच्या एका फ्रेंच वसाहतवाल्याने रक्ताच्या १२८ वाट्यांचा हिशोब मांडून कोणाला काय म्हणायचं ह्याचं कोष्टकच छापलं होतं, त्यात तो आहे. वसाहत गेली, कोष्टकातले शब्द राहिले. केसांना तिथेही तेत ग्रेन (दाणेदार डोकं) आणि शेवे स्वा (रेशमी केस), ह्यातलं कुठलं वरचं ते सांगायला नको.

पण एक म्हण आहे ती तुम्हाला आवडेल, 'नेग रिश से मिलात, मिलात पोव से नेग'. श्रीमंत काळा तो मिलात, गरीब मिलात तो काळा. १८४४ च्या शेतकऱ्यांच्या बंडाचा पुढारी आकाओ, त्याच्या तोंडची म्हणून सांगतात. आमचा ड्रायव्हर सरकारी साहेबांना बघून ही म्हण पुटपुटायचा.

शेंगदाणा
माराबूची व्याख्या वाचून वाटतंय अर्धा महाराष्ट्र माराबू निघेल. सह्यमित्र, तुम्हाला कोणी म्हटलं नाही?

सह्यमित्र
नाही, आधी ब्लां, मग बाकीचं. माराबू व्हायला आधी हैतीचं असावं लागतं.

अजून एक शब्द राहिला, डुको. आपल्याकडे सुतार कपाटाला ड्युको पेंट मारतो ना, तोच शब्द, मूळ ड्यूपाँ कंपनीच्या गाडीच्या रंगाचं नाव. हैतीत त्वचा उजळ करायची क्रीमं फासणाऱ्या बाईबद्दल म्हणतात, डुको मारलाय. टवाळीच असते, कारण चेहरा पिवळट होतो आणि बोटांची पेरं काळीच राहतात, तिथून लगेच ओळखू येतं. टवाळी करणारेही क्रीमं विकत घेतातच. बाजारात बायका टोपलीत ट्यूब, साबण, बाटल्या रचून बसलेल्या असतात, बऱ्याच ट्यूबांत स्टेरॉइड नाहीतर हायड्रोक्विनोन, डॉक्टरच्या चिठ्ठीचा पत्ता नाही.

आडकित्ता
रानजाई, आठवणींत 'हाइतिआनो' (हैतीवाला) शब्द शिवीसारखा आला असेल तर तो सौम्य करू नका प्लीज. १९३७ च्या ऑक्टोबरमधे त्रुहियोच्या हुकमाने सीमेवर हैतीच्या हजारो लोकांची कत्तल झाली, बरीचशी कोयत्यांनी. कोथिंबिरीसारखी एक पालेभाजी असते पार्सली, तिला स्पॅनिशमधे पेरेहील, तर ती दाखवून 'म्हण काय आहे' विचारायचे असं सांगतात, कारण क्रेओल बोलणाऱ्याला त्यातला र आणि घशातला ह दोन्ही जड जातात. म्हणजे रंगाने ओळख पटेना म्हणून उच्चार! सीमेवरचे दोन्हीकडचे लोक दिसायला सारखेच होते हे मारणाऱ्यांनीच मान्य केलं की त्यात. आणि २०१३ मधे तिथल्या घटना न्यायालयाने १९२९ पासून कागदपत्र नसलेल्या परदेशी आईबापांना झालेल्या मुलांचं नागरिकत्वच काढून घेतलं, बहुतेक सगळे हैतीच्या वंशाचे. तेव्हा तो शब्द जुना झालेला नाही.

रानजाई
आलाय, शाळेतल्या पोरांच्या तोंडी, आणि मैत्रिणीलाच उद्देशून. तसाच ठेवते.

आता शेवटचं अडलेलं. तिची मावशी म्हणते 'आय के मेहोरार ला रासा', शब्दशः वंश सुधारला पाहिजे, म्हणजे गोरा नवरा कर. 'वंश सुधारणे' लिहिलं तर गोठ्यातल्या म्हशीबद्दल बोलल्यासारखं वाटतं. आणि आजी तिला 'मी नेग्रा' (शब्दशः 'माझी काळी') म्हणते, लाडाने.

शेंगदाणा
मावशी आहे ना? मग मराठी मावशी काय म्हणेल, 'पोरं तरी उजळ निघतील'. बास.
आजीला 'माझी काळुंद्री' म्हणू दे, आमची आजी म्हणायची.

आडकित्ता
'उजळ निघतील' छान आहे पण त्यात फक्त रंग आला. रासामधे केस, नाक, ओठ सगळं येतं.

रानजाई
काळुंद्री घेतलं!! आणि 'उजळ निघतील' पण घेते, केसांसाठी 'आणि केसही चांगले येतील' असं मावशीच्याच तोंडी पुढे जोडते, कारण पुढच्या पानावर चुलत बहिणीला बाळ होतं तेव्हा ती मावशी आधी टोपडं काढून केसच बघते, मग कानाची पाळी दुमडून मागचा रंग. आता हाबाओ तेवढा राहिला, कोणाला सुचलं तर टाका, मला 'घारा-गोरा पण कुरळ्या' च्या पुढे जाता येत नाहीये.