मलावीच्या बॅगा: औषधं न्यायची की नाहीत?

मृणाल
नमस्कार मंडळी, आपल्या मंडळातले लोक आफ्रिकेतल्या मलावीला दवाखान्याच्या मदतीला जाताहेत, त्यांच्या बॅगांचं शनिवारपर्यंत ठरायलाच हवं. तिथल्या तळ्याकाठच्या मांगोचीच्या दवाखान्याची यादी काल आली. बीपीची मशिनं (दंडाला बांधायचे मोठे आणि लहान पट्टे वेगळे), बाळांचे वजनकाटे, सायकलच्या ट्यूबा, आणि हेल्थ पासपोर्टच्या, म्हणजे पेशंटच्या नोंदींच्या, वह्या तिथेच छापून घ्यायला पैसे. औषध एकही मागितलेलं नाही. लॉकरमध्ये पाडव्याला जमलेले औषधांचे खोके आहेत, ते नेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. माणशी 23 किलोच्या दोनच बॅगा मिळतात.

सुहासकाका
मृणाल, ते खोके मी घरोघरी फिरून जमवलेत. लोकांनी विश्वासाने दिलंय. कित्येक डब्यांचं सीलही तुटलेलं नाही. तिकडे माणसं औषधावाचून जातात आणि आपण इथे चांगली औषधं टाकून द्यायची, हे मला पटत नाही. नेपाळच्या भूकंपाला पाठवली तेव्हा कुणी यादी मागितली नव्हती. हा निर्णय कार्यकारिणीचा आहे, एकट्या आरोग्य समितीचा नाही.

रोहिणी
काका, काल संध्याकाळी मी खोके उघडून बघितले. निम्म्याहून जास्त नारिंगी डब्या आहेत, त्यांवर कुणाचं तरी नाव आणि जन्मतारीख. डॉक्टरांकडची सॅम्पलं आहेत. कोलेस्टेरॉलच्या गोळ्या तर ढीगभर. जागतिक आरोग्य संघटनेचे औषधदानाचे नियम 1996 पासून आहेत: रुग्णांना दिलेली आणि परत आलेली औषधं द्यायची नाहीत, सॅम्पलं द्यायची नाहीत, पोचताना किमान एक वर्षाची मुदत शिल्लक हवी, आणि त्या देशाच्या अत्यावश्यक यादीतलंच औषध हवं. नियम उगीच झाले नाहीत. बॉस्नियाच्या युद्धात जगभरातून आलेल्या औषधांपैकी सुमारे 17,000 टन निरुपयोगी निघाली. ती जाळायलाही पैसे लागतात, आणि ते भरतो घेणारा.

शेखर
औषधं न्या किंवा नेऊ नका, पण लॉकर गणपती समितीच्या नावावर आहे. खोके मखराच्या थर्माकोलवर रचून ठेवलेत. पुढच्या आठवड्यात मला सामान बाहेर काढायचंय. कुणी ठेवले, कुणाला विचारून?

आदिती
मलेरियाची लस पुण्यातच बनते ना? माझ्या मावसभावाची ती बनवणाऱ्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये ओळख आहे. थोडे डोस मिळवून आपणच घेऊन गेलो तर?

रोहिणी
आदिती, पुण्यात बनते ती आर21. मलावीने 2019 च्या एप्रिलमध्ये जगात सर्वांत आधी बाळांना द्यायला सुरुवात केली ती आरटीएस,एस, वेगळी लस. कुठलीही असली तरी 2 ते 8 अंशांत ठेवावी लागते आणि ती देणं हे त्यांच्या लसीकरण खात्याचं काम. बॅगेतून लस न्यायची नाही.

मृणाल
काका, मुद्दा समितीचा नाही. आपण थोडे दिवस राहून परत येणार. समजा एखाद्या आजींचं बीपी 190 निघालं आणि आपण महिन्याच्या गोळ्या दिल्या. पुढच्या महिन्यात त्यांनी कुठे जायचं? तिथे पेशंट आपला हेल्थ पासपोर्ट, म्हणजे छोटी वही, स्वतःजवळ ठेवतो. आपण काय बघितलं ते त्यात लिहायचं आणि दवाखान्यात नियमित मिळणारं औषधच त्यांच्या क्लिनिकल ऑफिसरकडून सुरू करायचं. हे ऑफिसर एमबीबीएस नसतात, पण जिल्हा इस्पितळांत सिझेरियनसुद्धा करतात. आपल्या डॉक्टरांनी त्यांच्या शेजारी बसावं, त्यांच्या खुर्चीत नाही. याच देशाने 2011 मध्ये एचआयव्ही असलेल्या प्रत्येक गरोदर बाईला जन्मभर औषध द्यायचं धोरण आणलं, आणि मग ते इतरांनी उचललं. शिकायला बरंच आहे तिथे.

आणि ट्यूबा कशाला, असं दोघांनी फोनवर विचारलं. गावोगाव फिरतात ते हेल्थ सर्व्हेलन्स असिस्टंट. लसीकरण, बाळांची तपासणी, पाण्यात क्लोरीन, सगळं तेच बघतात. सायकल पंक्चर झाली की त्या आठवड्यात ते गाव राहिलंच.

विजयामावशी
मृणालचं बरोबर आहे. माझं माहेर जामखेड तालुक्यातलं. आरोळे डॉक्टर दांपत्याने 1970 मध्ये तिथे काम सुरू केलं आणि गावातल्याच बायकांना शिकवलं, त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. आमच्या आत्याला पोराची हगवण थांबेना तेव्हा अशाच एका बाईने घरी येऊन एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून पाजायला लावलं. डॉक्टर गावात नव्हताच. मी याची चित्रं काढून देते, मोठी, भिंतीवर लावण्यासारखी. मजकूर इंग्रजीत चालेल ना?

आनंद
मावशी, इंग्रजी नको. मी मलावीतच, ब्लांटायर शहरात नोकरीला होतो. चिचेवा भाषा सगळीकडे चालते, पण मांगोचीत याओ लोकांची वस्ती मोठी, घरात चियाओ बोलतात. चित्रं तुम्ही काढा, शब्द तिथल्या माणसांकडूनच लिहून घ्या. चमचा त्यांच्या घरात असतो तोच काढा. आणि चित्रातला माणूस कंबरभर पाण्यात उभा दाखवू नका. तळ्यात बिल्हार्झिया आहे, पाण्यात उतरलं की कातडीतून शिरणारा जंतांचा रोग.

मृणाल
आनंद म्हणतोय ते महत्त्वाचं. 2022-23 च्या कॉलऱ्यात मलावीत 1,700 हून जास्त माणसं गेली. तळ्याचं पाणी पिऊ नका, एवढं सांगून भागत नाही. बोअरवेल किती लांब, ती चालू आहे का, भांडं कोण उचलून आणतं, हे आधी विचारायचं. म्हणून पहिले दोन दिवस भाषण नाही, नुसतं असिस्टंटांबरोबर घरोघरी फिरायचं. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी आत्ताच सांगा.

प्रकाश (खजिनदार)
फिरण्याचं तुम्ही बघा. परदेशी पैसे पाठवायचे तर मंडळाच्या घटनेप्रमाणे कार्यकारिणीचा ठराव लागतो. मलावीच्या चलनाचा, क्वाचाचा, भाव सारखा घसरतो, म्हणून छपाईचं बिल आल्यावरच रक्कम पाठवू. आगाऊ नाही. पावती दवाखान्याच्या नावाची हवी, कुणा व्यक्तीच्या नव्हे.

सुहासकाका
ठरावाला मी अनुमोदन देतो. खोके नकोत तर नकोत, पण ज्यांनी दिलं त्यांना काय सांगायचं? मी एकेकाला फोन करेन, मात्र मंडळाच्या नावाने चार ओळींचं पत्र हवं, रोहिणीने लिहिलेलं. आणि त्यात कुणाला वाईट वाटेल असं एक अक्षर नको. त्यांनी मनापासून दिलंय.

रोहिणी
पत्र आज रात्री पाठवते. डब्यांवरची नावं खोडून मी ती फार्मसीतल्या औषध परत घेण्याच्या पेटीत टाकीन. शेखर, गुरुवारी सातनंतर लॉकर उघडून द्याल का?

शेखर
गुरुवारी जमेल. ट्यूबा मी आणतो, माझ्या ओळखीचं दुकान आहे. पण साइज कुणीच सांगितला नाही. 26 ची की 28 ची?

आनंद
बहुतेक 28. पण विचारूनच घ्या, आणि व्हॉल्व्ह कुठला तेही. पंप तिथलाच वापरायचाय.