डिचोलीच्या कुंभारकाकांनी माझा हात ओळखला! असं कोणाचं झालंय का?

मातीत_हात (म्हापसा)
नमस्कार मंडळी. तीन वर्षं झाली, म्हापशाजवळ एका ताईंच्या स्टुडिओत पॉटरी शिकतेय. घरी चाक हवं होतं, नवीन काही परवडेना, मग ओळखीतून कळलं की डिचोलीत एक काका त्यांचं जुनं मोटरचं चाक विकतायत. रविवारी गेले. काका म्हणाले घेण्याआधी चालवून बघ, माती पण त्यांनीच मळून दिली. मी एक वाटी काढली, चाकावरून दोऱ्याने कापून सोडवली, तर काका एकदम म्हणाले, "दोरा डाव्या हाताने ओढायला तुला कोणी शिकवलं गो?" मी डावरी नाही, ताई पण नाहीत, आम्ही सगळे तसंच कापतो म्हणून मी कधी विचारच केला नव्हता. ताईंचं नाव सांगितलं, त्यांना माहीत नव्हतं. मग ताईंच्या गुरुजींचं नाव घेतलं आणि काका उठून आत गेले ते फोटो घेऊनच आले. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या पॉटरी इन्स्टिट्यूटमधली त्यांची बॅच, आणि गुरुजी काकांच्या अगदी शेजारी! गुरुजी डावरे होते, दोघांची चाकं शेजारी शेजारी, त्यांचं बघून काकांना पण डाव्या हाताची सवय लागली ती आजपर्यंत. मला खरंच भरून आलं. ताई आणि काका अर्ध्या तासाच्या अंतरावर राहतात आणि एकमेकांना ओळखत पण नाहीत.

तर दोन गोष्टी विचारायच्यात. एक, तुमच्याकडे असे धागे सापडलेत का? दुसरं, मला दोघांची भांडी एकाच भट्टीत लावायचीयत. ताई स्टोनवेअर (खूप जास्त तापमानाला भाजलेली टणक भांडी) करतात, गॅसची भट्टी, साधारण १२५० डिग्री. काकांची डिचोलीची लाल माती. जमेल का?

भट्टीवाला_फोंडा
ताई, काकांची भांडी १२५० ला अजिबात लावू नका, हात जोडून सांगतो. आपल्या लाल मातीत लोह भरपूर, ते एवढ्या तापमानाला माती वितळवायला लागतं. भांडं आधी फुगतं मग बसतं, आणि भट्टीतल्या खालच्या फळीला असं चिकटतं की फळी पण गेली. मी एकदा मडक्याचा एक तुकडा उत्सुकतेपोटी ठेवला होता, सकाळी काळपट चकाकणारा चपटा थर मिळाला. पण त्यातच तुमचं उत्तर आहे बघा. जी माती वितळते तीच ग्लेझ होते, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर. काकांची माती पाण्यात कालवा, बारीक चाळणीतून गाळा, सायीसारखी दाट ठेवा आणि ताईंच्या भांड्यावर लावा. तपकिरी ते काळा रंग येईल, बाहेरून काही विकत आणावं लागणार नाही. आधी ताईंच्या मातीच्या तीन-चार छोट्या पट्ट्यांवर कमी-जास्त जाडी लावून बघा, आणि खाली जुन्या फळीचा तुकडा ठेवा, ओघळलं तर भट्टी वाचेल. काकांची भांडी मात्र ९०० च्या आसपास, ताईंच्या बिस्किट फायरिंगमध्ये (ग्लेझ लावण्याआधीची पहिली भाजणी) लावा, तिथे सुखाने भाजतील.

चोर्ला_घाटापलीकडून
खानापूरचं नाव वाचून राहवलं नाही, मी तिथलाच. खादी ग्रामोद्योग आयोगाची सेंट्रल व्हिलेज पॉटरी इन्स्टिट्यूट म्हणतात तिला. भारतातल्या स्टुडिओ पॉटरीबद्दल कुठेही वाचा, दोनच दारं सांगतात. एक दिल्ली, सरदार गुरचरण सिंग, १९५२ ची दिल्ली ब्लू पॉटरी. दुसरं पाँडिचेरी, १९७१ ची गोल्डन ब्रिज पॉटरी, रे मीकर आणि डेबोरा स्मिथ. दोन्ही मोठीच, वाद नाही. पण खानापुरात गावोगावच्या कुंभारांची मुलं येऊन शिकली, परत जाऊन आपापल्या आळीत बसली, त्यांची नावं कोण लिहितो? मला हे फार लागतं. आणि दिल्लीचा धागा तरी कुठे वेगळा आहे, गुरचरण सिंग जपानला जाऊन आले, तिथे बर्नार्ड लीच या नामवंत ब्रिटिश कुंभार-कलाकाराला भेटले, पण त्यांना निळ्या ग्लेझची वाट दाखवली ती दिल्लीतल्या अब्दुल्ला नावाच्या पठाण कुंभाराने. म्हणजे स्टुडिओवाले आणि कुंभार हे आधीपासूनच एकमेकांत गुंतलेले. ताई, तो फोटो स्कॅन करून ठेवा आणि मागे सगळ्यांची नावं काकांकडून आत्ताच लिहून घ्या, उद्यावर टाकू नका.

घुमट_आरती (साखळी)
माझा धागा घुमटाचा, म्हणजे मातीच्या भांड्याला कातडं लावून केलेल्या आपल्या गोव्याच्या वाद्याचा. चवथीला आमच्याकडे आजोबांचं घुमट वाजतं. २०१९ मध्ये सरकारने घुमट राज्याचं वारसा वाद्य केलं तेव्हा मुद्दाम बाहेर काढलं, तर तोंडाला चीर. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून घोरपडीचं कातडं बंद, आता बकऱ्याचं लावतात, ते मिळतं, पण मातीचं भांडं कोण देणार? शोधत शोधत एका कुंभाराच्या घरी पोचलो. आज्जी होत्या, त्यांनी आत हात घालून मानेजवळ बोट फिरवलं आणि म्हणाल्या हे माझ्या सासऱ्यांनी केलेलं. आत एक खाच होती, एवढी वर्षं आम्ही वाजवत होतो आणि आम्हाला माहीतच नाही. आजोबा आणि ते सासरे एकाच आरतीच्या मेळात होते हे मग कळलं. तेव्हापासून दरवर्षी त्यांच्या घरी एक आरती असतेच.

मातीत_हात (म्हापसा)
सगळ्यांचे खूप आभार. अपडेट देते. शनिवारी ताईंना घेऊन डिचोलीला गेले. गुरुजी चार वर्षांपूर्वी गेले हे काकांना माहीत नव्हतं, ते ताईंनी सांगितलं, मग बराच वेळ कोणीच बोललं नाही. नंतर काकांनी स्वतःच गोळा चाकावर ठेवला, त्या एका गोळ्यावरून सहा पणत्या काढल्या, आणि प्रत्येक वेळी दोरा डाव्या हाताने. ताई नुसत्या बघत होत्या. फोटोतल्या चौदा जणांपैकी अकरा नावं लिहून झाली. चोर्लादादा, दोन तुमच्या खानापूरची आहेत, मेसेज करते.

काकांची माती गाळून पाच पट्ट्यांवर लावलीय, फोंड्याच्या दादांनी सांगितलं तशी. शुक्रवारी भट्टी लागेल, रविवारी उघडणार. काका म्हणाले उघडताना मला हाक मारा, त्यांना आणायला मीच जाणारे. फोटो इथे टाकते.