शब्दचर्चा : अंडं उकडताना प्रथिन 'तुटतं' की त्याची 'घडी मोडते'?

अकरावीचे पेपर तपासते आहे. अंडं उकडल्यावर आतलं पांढरं घट्ट का होतं, या प्रश्नाला निम्म्या मुलांनी लिहिलंय, 'उष्णतेने बंध तुटून प्रथिनाचे विकृतीकरण (डिनॅचुरेशन) होते.' वर्गात विचारलं, कोणते बंध? एका सुरात उत्तर आलं, पेप्टाइड! मुलांपेक्षा मला दोष शब्दाचा वाटतो. 'विकृती' म्हटलं की आजार डोळ्यांपुढे येतो आणि 'तुटणे' म्हटलं की तुकडे. रोजच्या मराठीत याला नेमका शब्द कोणता?

०

'घडी मोडणे'. मी शिकवताना हाच वापरतो.

प्रथिनात अमिनो आम्लं एकापुढे एक ओवली जातात. दोन आम्लं जुळताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि पेप्टाइड बंध तयार होतो. ही झाली माळ. पण माळ म्हणजे अजून कामाचं प्रथिन नव्हे. तिला पीळ बसतो, ती दुमडते, ठरावीक आकाराची घडी होते, तेव्हा ती कामाला लागते. हा पीळ म्हणजे रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ साली मांडलेलं अल्फा सर्पिल, त्याच्या एका वेढ्यात साधारण ३.६ अमिनो आम्लं बसतात. घडीही वाटेल तशी पडत नाही. माळ कोणत्या कोनांत वळू शकते आणि कुठे अणू एकमेकांवर आदळतात, याचा नकाशा मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली दिला. प्रथिनाची रचना तपासताना आजही तो वापरतात.

ही घडी धरून ठेवतात ते मुख्यतः हायड्रोजन बंध, विद्युतभारांची ओढ आणि पाण्याला बुजून आत दडून बसलेले भाग. पेप्टाइड बंधापुढे एकेकटा हायड्रोजन बंध फारच दुबळा. दहा मिनिटांच्या उकळत्या पाण्यात घडी मोडते, माळ मात्र शाबूत राहते. माळ तोडायची तर प्रयोगशाळेत तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंशांवर २४ तास ठेवावं लागतं. आपल्या पोटात तेच काम पेप्सिन आणि ट्रिप्सिन ही पाचक विकरं (एन्झाइम) अंगाच्या उबेवर करतात! तिथे खुशाल 'तुटणे' म्हणा.

०

शब्द गोड आहे, पण आमच्याकडे 'घडी मोडणे' म्हणजे नवी साडी पहिल्यांदा नेसणे. 'दिवाळीला घडी मोडीन' असं आई म्हणायची. बिघाडाचा अर्थ त्यात अजिबात नाही.

०

म्हणून तर तो चांगला. साडी फाटत नाही, नुसती उलगडते. काही प्रथिनांची घडी पुन्हा पडतेसुद्धा. रायबोन्यूक्लिएज या विकराची घडी जीवरसायनशास्त्रज्ञ अनफिन्सन यांनी युरियाने मोडली, युरिया काढून घेतल्यावर ती आपोआप पूर्ववत पडली.

०

मग उकडलेलं अंडं परत पातळ का होत नाही? इथे दुसरा शब्द लागतो, 'साकळणे', रक्त साकळतं तोच. उलगडलेल्या माळा एकमेकींत गुंततात, त्यांची जाळी होते आणि पाणी त्यात अडकतं. आधी घडी मोडते, मग साकळतं.

चीक आठवा. त्यात गाईच्या प्रतिपिंडांसारखी पक्क्या घडीची प्रथिनं भरपूर, म्हणून नुसत्या वाफेवर खरवस जमतो. साधं दूध कितीही उकळा, तसं जमत नाही, कारण त्यातलं मुख्य प्रथिन केसीन मुळात सैल, मोडायला पक्की घडीच नाही. लिंबू पिळलं की दुधाचा सामू (पीएच, आम्लतेचं माप) ६.६ च्या आसपासवरून ४.६ कडे उतरतो, केसीनच्या कणांना एकमेकांपासून दूर ठेवणारा विद्युतभार जातो आणि ते गोळा होतात. तेव्हा 'दूध फाटलं' याला घडी मोडण्याचं उदाहरण म्हणून देऊ नका, आमच्याकडे सर्रास देतात. स्वयंपाकघरातली भाषा इथे जास्त काटेकोर आहे: खरवस जमतो, दही लागतं, दूध नासतं.

०

फार उपयोग झाला. 'घडी' आणि 'साकळणे' उद्याच फळ्यावर लिहिते. एक राहिलं: डायसल्फाइड बंध. तोही 'बंध', पेप्टाइडही 'बंध', हायड्रोजनही 'बंध'. मुलांना तिन्ही सारखेच वाटतात.

०

परिभाषेत 'बंध' राहू द्या, समजावताना मात्र डायसल्फाइडला 'टाका' म्हणा. सिस्टीन या अमिनो आम्लाच्या दोन रेणूंमधले गंधक जुळून घडीला आडवा टाका पडतो. इन्सुलिनमध्ये २१ आणि ३० आम्लांच्या दोन माळा आहेत. दोन टाके त्यांना एकमेकींशी जोडतात, तिसरा लहान माळेतच आहे. केसांत असे टाके पुष्कळ. ओले केस विंचरून बसवले तर नुसते हायड्रोजन बंध हलतात, म्हणून पुन्हा भिजले की पूर्ववत. पार्लरमध्ये कायमचे कुरळे करताना आधी औषधाने टाके उसवतात, केस गुंडाळतात आणि दुसऱ्या औषधाने नव्या जागी परत घालतात. तो उग्र वास गंधकाच्याच संयुगाचा.